कॉम्प्युटरच्या पोटातली हळद

लॅपटॉप तापतोय, गेम अडकतोय म्हणून कसला रडतोस गड्या? आमच्या अण्णांचा कॉम्प्युटर बघायला पाहिजे होतास. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत आमचं हळदीचं दुकान, आणि हिशोबासाठी घेतलेला तो जुना डबा तिथंच, पोत्यांशेजारी. अण्णा जेवायला घरी गेले, की मी आणि माझा पलूसचा दोस्त सुध्या त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो.

पुढं पुढं गाडी झटके खात पळायला लागली. डबा तव्यासारखा तापायचा. एक दिवस ऐन शर्यतीत सगळंच बंद पडलं.

"आतला पंखा अडकला असंल," सुध्या म्हणाला. "खोलू या."

"वर्षाचा हिशोब हाय त्यात. काय झालं तर अण्णा मला जित्ता सोडायचे न्हाईत."

तोवर त्यानं स्क्रू काढलेसुद्धा. आत बघतो तर सगळं पिवळंधमक! पंख्याची पाती हळदीत गाडलेली. ब्रशनं झाडून कागदावर ढीग केला. बटण दाबायला माझा हात धजेना, शेवटी सुध्यानंच दाबलं. पंखा भिरभिरला, पडदा उजळला, आणि मागनं आवाज आला, "काय चाललंय रं?"

दारात अण्णा! डबा उघडा, आमचे हात पिवळे. अण्णा पुढं आले. ढिगातली चिमूट उचलून बोटांत चोळली, हुंगली.

"एवढी बारीक तर गिरणीतबी निघत न्हाई," ते म्हणाले. "पोत्यात भरा ती. आन् झाकण उघडंच ठेवा, अजून जमू द्या."