जुळतंय का?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला माझी जीभ रेटत नाही त्या आमच्या बाई, आणि खुर्ची न मिळूनही दाराशी तिष्ठत उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंना आपण पाठीमागे काय म्हणतो? हसू नका, त्यांना माहीत आहे. ‘जुळतंय-का बाई’! कातडीवर पट्टी चिकटवून स्नायूतली वीज टिपायची आणि त्यातून मज्जातंतूचा एकेक ठोका संगणकाकडून वेगळा काढायचा, हे आमचं काम. तो ठोका खरा की भास, हे ठरवणाऱ्या बाई. त्या स्नायूत बारीक सुई घालून तिथले ठोके निराळे टिपणार आणि विचारणार, “जुळतंय का?” विभागात दोघांचं सूत जुळलं, तेव्हाही म्हणाल्या, “किती टक्के?”

आता थोडं घरचं सांगतो. अध्यक्षांनी कृपया घड्याळाकडे बघू नये. अपघातात माझ्या ताईच्या खांद्यातले तंतू दुखावले. कोपर वाकेना. ताईचं शिवणकाम, म्हणजे हातावरच सगळं. दुसरीकडचा धडधाकट तंतू कापून तिथे जोडता आला असता, पण वेळेत. उशीर झाला की स्नायू वाळतो. आणि मूळचे तंतू आपणहून परतत असतील, तर चांगला तंतू कापायचा कशाला? सर्जन आमच्या उत्तरासाठी थांबले होते.

ताईनं जोर लावला आणि पडद्यावर ठोके! टक, टक, टक. ताई रडली, मी रडलो, कुणीतरी चहासुद्धा मागवला.

बाई मात्र पडद्याला नाक लावून. “इतकं नेमानं माणसाचं काही चालतं का हो?” मग ताईला म्हणाल्या, “हात सैल सोडा.”

ताईनं सोडला. ठोके चालूच.

आम्ही जोर लावतानाचं तेवढं टिपलं होतं. सैल हाताचं कुणी टिपलंच नव्हतं. बाईंनी वाकून पलंगाखालच्या, गादीत हवा भरणाऱ्या पंपाची पिन काढली. पडदा सपाट. ठोके ताईचे नव्हतेच, पंपाचे होते. सुई घातली, तिथेही शुकशुकाट.

मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, “बाई, एक दिवस तरी तिला आनंदात राहू द्यायचं होतं.”

“डॉक्टर, त्या आनंदात तुमच्या ताईंचा हात वाळला असता,” एवढंच बोलल्या आणि खुर्ची ओढून, तोच हात हातात धरून ताईपाशी बसल्या. डोळे त्यांचेही भरले होते.

शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी तीच खोली, तोच पलंग. पंप या वेळी ताईनंच आधी बंद करायला लावला. “हात सैल सोडा.” शांत. “आता वाकवा.” एक ठोका. मग दुसरा, अडखळत, उशिरा. पण टाळी वाजवायची कुणाची छाती होईना. सगळे बाईंकडे बघतोय. सुई, पडदा, परत सुई. बाईंनी चष्मा काढून पुसला.

“जुळतंय,” त्या म्हणाल्या. शेवटी ‘का’ न लावता.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात कुठे काही जुळलं नसेल, तर चूकभूल पदरात घ्या. आता पुष्पगुच्छ द्यायला मी ताईला बोलावतो. ये गं, सावकाश. गुच्छ जरा जड आहे, तेव्हा बाई, आजच्या दिवस तरी “हात सैल सोडा” म्हणू नका.