मायनस आठ, टोपी घाल

दुबईत एसीत बसून मी कॅनडाचं हवामान बघतो म्हणून तुम्ही हसता ना? हसा. पण त्यात माझं काय झालं तेही ऐका.

आमची सई शिकायला गेली ती तिकडच्या उत्तरेकडच्या मैदानी भागातल्या एका छोट्या गावात. नोव्हेंबर लागला की तिथं बर्फ. मी रोज सकाळी मोबाईलवर तिथला अंदाज बघायचो आणि ऑफिसला निघता निघता, मनखूलच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधूनच तिला फोन लावायचो.

"सई, उद्या मायनस आठ आहे. टोपी घाल."

"ओके बाबा."

"गुरुवारी बर्फ पडणार. ते जाड बूट घाल."

"ओके बाबा."

खलास. मिनिटभराचा फोन. बापाचं कर्तव्य केलं म्हणून मी खुशीत गाडी काढायचो.

परवा म्हटलं, "उद्या वादळ आहे, कॉलेजला जाऊ नकोस."

ती म्हणाली, "बाबा, कॉलेज संपलं. आय मूव्ह्ड टू व्हँकुव्हर इन सप्टेंबर. जॉबसाठी. इथं नुसता पाऊस असतो."

मी उडालोच. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. आईला माहितीये. यू सेड, हो हो, पण थंडी किती आहे?"

"अगं, मग रोज ओके ओके काय करत होतीस?"

"तू दुसरं काही विचारतच नाहीस, बाबा."

गाडी चालू, एसी चालू, आणि मला दुसरा प्रश्न सुचेना. शेवटी तोंडातून काय निघावं?

"छत्री आहे ना?"

"ओके बाबा," म्हणाली.