क्लेमचे बूट

बस उशिरा आली तर रांगेतल्या लेनर्डचा फायदाच होता. पुढे क्लेमची बायको मॉर्वेना आणि तिची नणंद हिल्डा यांची चांगलीच जुंपली होती.

"वहिनी, दादाचे बूट तुझ्या पायात?"

"मग काय करू, वन्सं? कड्यावरच्या रोमन काळातल्या थडग्यांत मेलेल्यांच्या पायांशी बुटांचे खिळे सापडले, तेव्हापासून त्याचा एकच धोशा. मलाही बूट घालूनच पाठवा."

"मग पाठवायचं."

"दहनगृहवाले म्हणाले, रबराचा धूर होतो, परत न्या. म्हटलं, निदान बूट तरी त्या थडग्यांशेजारी पुरते. तर सरकारी बाई म्हणाल्या, संरक्षित जागा आहे, खुरपंसुद्धा लावायचं नाही."

"म्हणून घालून कड्यावर निघालीस?"

"चालायला बंदी नाही म्हणाल्या."

"केवढे मोठे होतायत! आत काय कोंबलंस?"

"त्याचेच मोजे."

"दादा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा, तेव्हा कधी गेली नाहीस ती!"

"चल म्हणाला असता तर गेले असते. इतकी वर्षं थर्मास भरून दिला, बरोबर दोन कप ठेवले. दुसरा कप रोज कोरडाच परत यायचा."

बस आली. लेनर्डने दोघींना पुढे जाऊ दिलं. मॉर्वेना पायरीवर अडखळली.

"लंगडतेस. फोड आले ना?"

"आले. फिरणं त्याचं, फोड माझे. पण आज थर्मास घेऊन मी चाललेय, घरी गेल्यावर दोन्ही कप विसळावे लागतील, वन्सं."