आणखी एक थर

नाही हो काका, बाबा हात लावणार नाहीत, निर्धास्त बसा — सगळे हेच विचारतात, दारातूनच, दबक्या आवाजात, घरात साथीचा रोगी असल्यासारखं. डबी ठेवा इथे. मोत्यावरचा हा डाग ना? जाईल कदाचित. वरचा थर सोलून काढायचा, कांद्यासारखा, खाली चांगला निघाला तर नशीब. आणि तपकिरी निघाला तर? तर काही नाही, गेला मोती. हो, पात्यानेच सोलायचा, दुसरं काय — फुटत नाही तसा. खडूचं आणि मोत्याचं द्रव्य एकच, माहितीये? खडू पडला की दोन तुकडे. पण इथे बारीक बारीक फरश्या रचलेल्या असतात, एकीवर एक, मध्ये डिंकासारखा पातळ लेप — शिंपल्याच्या आतही तेच. तडा सरळ जाऊच शकत नाही, प्रत्येक फरशीला वळसा घालता घालता दमून थांबतो. हे मी कॉलेजात शिकले. बाबांना विचारलं तर म्हणतील, 'दाताला घासून बघ, खरा असेल तर खरखरेल.' तीस वर्षं हे काम केलं या माणसाने, आणि कारण विचारलं की एकच शब्द — थांब. का थांब? थांब म्हणजे थांब.

हेडबाईंच्या मोत्याचं तुमच्याही कानावर आलंच असेल. येणारच, शाळाभर करून झालंय त्यांचं — म्हाताऱ्याचा हात हलला. हात हलला म्हणे. अहो, सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवतात ते, कालच माझ्या कुडत्याचं बटण — जाऊ दे, तुम्हाला काय करायचंय.

तीन थर काढून झाले होते. झकास निघाला होता, पण एका बाजूला जराशी सावली राहिलेली. बाबा म्हणाले, थांब. मी म्हटलं, थराची जाडी मोजलीये मी, अजून एक निघतो. ते म्हणाले, थांब. आणि मला त्या शब्दाचा इतका संताप — हो, मला. पातं माझ्या हातात होतं. तुम्हाला कोणाच्या वाटलं? निघाला खाली तपकिरी, मेलेला. हेडबाई आल्या, मी तोंड उघडायच्या आत हे पुढे — 'माझा हात हलला, बाई.' मला विचारलं? नाही. 'तुला अजून पुढे काम करायचंय,' म्हणे. म्हणजे माझं पुढचं यांनी ठरवायचं, माझी चूकसुद्धा यांनीच घ्यायची, आणि मी दीड वर्ष यांच्या खुर्चीवर बसायचं. तेव्हाच बोलायला हवं होतं. हो, हवंच होतं. दुसऱ्या दिवशी नवीन काम आलं, मुलीकडेच द्या म्हणून सांगून आलं — आणि मी गप्प बसले. बसले गप्प.

म्हणून सांगते, डबी आत न्या, त्यांच्या हातात द्या, आणि त्यांनी थांब म्हटलं की — हसताय काय? काय म्हणालात? नाही, परत बोला. बापाची अब्रू सांभाळणारी गुणाची पोर? काका, मी काही सांभाळत नाहीये, पातं माझ्या हातात होतं. माझ्या. मान डोलवू नका अशी. आणि डोळे कसले पुसताय? खरं सांगितलं तरी तुम्ही आधी ठरवलेलंच ऐकणार, तुमच्या वयाचे सगळे तसलेच.

उचला ती डबी. नाही, माझ्याकडे सरकवू नका. उचला, आणि निघा.