खालचा शिक्का

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, वनखात्यातले अधिकारी, तोडीवरची सगळी मंडळी, माता-भगिनी, आणि मी बोलणार म्हटल्यावर दाराशी उभे राहून हसणारे माझे दोस्त,

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. दूर बंदरावर क्रेन चालवतो. दोन दिवसांचा प्रवास करून आलोय, तेव्हा पाच मिनिटं हक्काची समजतो.

जिल्ह्याचा भूगोल मास्तरांनी तीनदा शिकवला, मी तीनदा नापास झालो. तो कळला बंदरावर. ओंडक्यावर आपला शिक्का दिसला की मी सोबत्यांना सांगतो, हा आमच्याकडचा! बारा आणे जंगल, चार आणे माणसं. नदी जिथे संथ होते तिथे पूर्वी वाहत आलेले ओंडके अडवायचे. अडवणाऱ्यांच्या झोपड्या पडल्या, त्याचंच हे गाव झालं. आधी लाकूड आलं, मग रस्ता, मग शाळा. आजही लाकडाची गिरणी सुरू असते म्हणून दुकानं उघडतात. खोटं आहे का?

आणि हे सगळं ज्यांच्या हातोड्यावर चाललं, ते वनखात्याचे शिक्केकाका आज निवृत्त होताहेत. पाहुण्यांसाठी सांगतो. तोडायच्या झाडावर दोन शिक्के ठोकतात. एक छातीच्या उंचीवर, दुसरा बुडाशी. झाड गेलं तरी खालचा शिक्का खुंटावर राहतो. खुंट कोरा निघाला, तर चोरी.

अकरा वर्षांपूर्वी उतारावरचा एक खुंट कोरा निघाला. तोडणारे होते माझे बाबा. वनखात्याच्या साहेबांनी त्यांचं नाव तोडणाऱ्यांच्या यादीतून काढलं. तोडीशिवाय आपल्याकडे दुसरं काम काय? बाबा भर बाजारात काकांच्या अंगावर धावून गेले. "शिक्का मारायला तू विसरलास, आणि चोर मी?" पुढचं माता-भगिनींसमोर सांगण्यासारखं नाही.

काका एवढंच म्हणाले, "थांब, बघून येतो."

गिरणीच्या आवारातले ओंडके त्यांनी एकेक उलथवून पाहिले. एकावर दोन्ही शिक्के सापडले! ते तडक साहेबांकडे गेले. "साहेब, उतारावर शिक्का खालच्या अंगाला मारायचा. मी उतरायचा कंटाळा केला, वरच्या अंगाला मारला. यानं नियमानं जमिनीलगत तोडलं, पण शिक्का कापाच्या वर राहिला आणि ओंडक्याबरोबर गेला. चोर कुणी नाही, आळशी मी आहे."

बाबांचं नाव यादीत परत आलं. काकांची बढती गेली, ती कायमची.

तेव्हापासून काका दिसले की बाबा रस्ता ओलांडतात. आई म्हणते, "एवढे बुंधे फोडले, पण तोंड काही फुटत नाही!" गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. "तू ये. तू बोल."

म्हटलं, "शिव्या तुम्ही दिल्या, भाषण मी करू?"

"मग सातवीपर्यंत शिकवलं कशाला तुला?"

मंडळी, माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. अध्यक्षांचे आणि आयोजकांचे मनापासून आभार. पण बाजारातल्या त्या बोलण्याची माफी मी मागणार नाही. ते माझं नव्हतंच. बाबा तिसऱ्या रांगेत, खांबाआड बसलेत. माझी दोन मिनिटं उरलीत, ती त्यांना देतो.

बाबा, उठा. काका समोरच आहेत.