तीन डबे आणि मास्तरांचे वडील

...आणि वर पुन्हा लोक मलाच विचारतात, "तुम्ही पळाला का नाहीत?" अहो, पळणार कसा? अंगावर विजार होती का माझ्या? तुम्हाला सांगतो, भुताला भिऊन पळायचं म्हटलं तरी माणसाला आधी विजार लागते! मी आपला टॉवेल गुंडाळून शिंपी मास्तरांच्या स्टुलावर बसलेलो, विजार कमरेला दोन बोटं सैल करायला दिलेली, दुपारचे तीन वाजलेले, आणि फट्... गेली वीज.

आता वीज काय, सगळीकडेच जाते. पण मास्तरांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली, तिच्या मागं आणखी एक खोली, आणि त्या मागच्या खोलीची खिडकी उघडते ती थेट शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर. हात बाहेर काढला तर भिंतीची पाठ खाजवता येईल! दार लोटलं की भरदुपारी तिथं असा अंधार, की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. तर त्या दिवशी मास्तरांची मोटारवाली मशीन गप्प झाली, पंखा कुरकुरत थांबला, इस्त्रीचा तांबडा डोळा मिटला, आणि दहा-अकरा मिनिटांनी आतल्या खोलीतून आवाज सुरू झाला... खडखड खडखड खडखड खटक्. खडखड खडखड खडखड खटक्.

मास्तर माझ्यासमोर उभे. घरात तिसरं माणूस म्हणजे मास्तरांची आई, आम्ही सगळे तिला काकू म्हणतो, आणि काकूंना शिवण येत नाही. मी म्हटलं, "मास्तर, आत मशीन कोण चालवतंय?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्यासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, "बाबा."

मास्तरांच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती हो! मी स्वतः पोचवायला गेलो होतो!

बरं, हे बाबा म्हणजे कोण? पन्नास वर्षं पायमशीन चालवलेला माणूस. त्या मशीनच्या पट्ट्याला एक जोड होता, तो चाकावरून गेला की खटक् व्हायचं, अख्ख्या गल्लीला तो आवाज पाठ. मुलानं मोटारवाली मशीन घेतली तेव्हा म्हातारा काही बोलला नाही, नुसता खाटेवर जाऊन बसला. पण वीज गेली आणि मुलाची मशीन थांबली, की खाटेवरून उठायचा. "सर बाजूला. मी बघतो." आणि पायमशीनवर बसून अडलेलं काम पुरं करायचा. म्हणजे आधी मुलानं सकाळपासून शिवलेली बाही उसवायचा, मग पुरं करायचा! आणि उसवलेला दोरा फेकायचा नाही, दोन बोटांत वळून त्याची मिऱ्याएवढी गोळी करायचा आणि खडूच्या डबीवर ओळीनं मांडायचा. मुलाला दिसावी म्हणून!

मेल्यावर काय, तेच. वीज गेली की अकराव्या मिनिटाला खडखड. वीज आली की बंद. आत जाऊन बघावं तर मशीनच्या तेलाचा ताजा वास, बाही उसवून पुन्हा लावलेली, नेमकी, एक चुणी नाही, आणि डबीवर गोळ्या. माझी विजार? अहो, अशी बसली कमरेला की तेव्हापासून माझी बायकोच म्हणते, "तुमची कंबर सुधारली हो!"

पण मास्तरांची दशा बघा. वय बावन्न. डोक्याचे केस टाचण्यांइतकेच उरलेले. एक बाई मापाला उभी, अर्धी टाचण्यांत अडकलेली, तिनं तो आवाज ऐकला आणि तशीच रस्त्यावर धावत सुटली, टोचतंय म्हणून ओरडत... आणि लोकांना वाटलं मास्तरांनीच काही केलं! त्यात वीज गेली की वडील येऊन सांगणार की तुला बाही लावता येत नाही. जिवंतपणी ऐकून घेतो माणूस, मेल्यावरही ऐकायचं?

आणि काकू? काकूंचं निराळंच. वीज गेली रे गेली, की काकू केस विंचरायला बसायच्या. अंधारात! मग दोन कप चहा. एक स्वतःचा, एक पायमशीनच्या फळीवर. आणि शेजारी बसून बोलत राहायच्या, गुडघ्याचं दुखणं, वरच्या मजल्यावरचं भांडण, दूधवाला पाणी घालतो... मधूनच खटक् व्हायचं. काकू म्हणायच्या, "तेच तर म्हणते मी." तीन वर्षांत काकूंनी एकदाही म्हटलं नाही की मी एकटी पडले. कशाला म्हणतील? वीज गेली की नवरा घरी!

आता मास्तरांनी यावर उपाय काय काढावा? म्हणाले, अंधारच होऊ द्यायचा नाही. बाबा अंधारात येतात ना? अंधारच बंद! डोक्यात घेतलं, अंधाराचं माप घ्यायचं आणि तेवढं यंत्र आणायचं. मी म्हटलं, मास्तर, माणसाला माप असतं, कापडाला असतं. अंधाराला कुठं माप असतं का हो?

पण ऐकतील तर शिंपी कसले! गेलो आम्ही तिघं विजेच्या सामानाच्या दुकानात. मास्तर, काकू आणि नव्या कमरेचा मी. मास्तर म्हणाले, "पॉवर स्टेशन दाखवा." मला वाटलं आता धूर ओकणारी चिमणी दाखवणार! तर दुकानातली मुलगी टेबलावर काय ठेवते? डबा! आत बॅटरी, वर मूठ, बाजूला प्लगची भोकं. एक शिदोरीच्या डब्याएवढा, एक बॅगेएवढा, आणि एक... त्याला खाली चाकं होती. जो डबा स्वतःच्या चाकांवर चालत येतो त्याच्याशी आपण अदबीनं बोलावं.

मुलगी मोठी हुशार, घडाघडा बोलायची, "सर, दोन आकडे बघायचे. वॅट म्हणजे एका वेळी किती ओढता येईल. वॅट-तास म्हणजे एकूण किती पुरेल."

मास्तर म्हणाले, "छाती आणि उंची."

मुलगी म्हणाली, "...हो सर. तसंच म्हणा."

"या धाकट्याची छाती किती?"

"तीनशे वॅट. दिवा आणि पंखा दोन तास आरामात जातील. पण इस्त्री लावली की लगेच बंद पडेल."

"म्हणजे छातीत आवळतो. आणि हा मधला?"

"मशीन, पंखा, दिवे सगळं चालेल. इस्त्रीसुद्धा ओढेल, पण मग तासाभरात संपेल."

"उंचीला आखूड." मास्तरांनी गळ्यातली टेप काढली हो! खरोखर मोठ्या डब्याभोवती गुंडाळली! "आणि हा?"

"सर, यावर तुमचं अख्खं घर दुपारभर चालेल. पण तुम्हाला एवढा लागणार नाही. मधला बरोबर आहे."

आणि इथं, तुम्हाला सांगतो, मास्तरांच्या हाताला जन्माची जी सवय ती आडवी आली. शिंपी कधी नेमकं कापत नाही. मास्तर म्हणाले, "बाळ, कापड मोठं कापलं तर आत घेता येतं. लहान कापलं तर सोडायला कुठून आणू? मोठाच दे. गरज पडली तर आत घेऊ." मी म्हटलं, अहो, डबा आत कसा घेणार? त्याला काय शिवण आहे?

तेवढ्यात काकू पुढं झाल्या. इतका वेळ धाकट्या डब्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "बाळ, याच्याहून लहान नाही का?"

"आजी, याच्याखाली मग टॉर्च येतो."

"टॉर्च दाखव."

"आई, टॉर्चवर मशीन चालते का?"

"मग नको चालू दे!" काकू अशा कडाडल्या की शेजारचा मिक्सर बघणारा माणूस मिक्सर सोडून निघून गेला. मग आवाज उतरला. "अरे, एवढं सगळं लख्ख केलंस, तर ते बसतील कुठं?"

मास्तरांना ऐकू आलं. मी शेजारी होतो, मला दिसलं त्यांना ऐकू आलेलं. पण माणूस तीन वर्षं घाबरलेला असला की आईचंसुद्धा ऐकत नाही. चाकांचा डबा घरी आला. रस्ताभर पुढं मास्तर, मागं डबा, त्याच्या मागं काकू, मान खाली. वरात म्हणावी तर वाजंत्री नाही आणि अंत्ययात्रा म्हणावी तर कुणी रडत नाही!

चौथ्या दिवशी गेली वीज. मी मुद्दाम हजर. यावेळी विजार घालून! डबा घुमला, हूंऽऽऽ... आणि दिवे लख्ख. पंखा फिरतोय, मोटार पळतेय, इस्त्रीचा तांबडा डोळा उघडा. मास्तर मला डोळा मारतात. आतल्या खोलीत काकू, केस विंचरलेल्या, पुढ्यात दोन कप. अकरा मिनिटं झाली. वीस झाली. पायमशीनचं चाक जागचं हललं नाही. फळीवरच्या चहावर साय धरली, ती सुरकुतली. दीड तासानं वीज आली तेव्हा काकूंनी तो कप मोरीत ओतला. मास्तर दारात उभे. काकू म्हणाल्या, "तुझं काम अडलंच नाही रे. ते कशाला येतील?"

बस. एवढंच. पुढं आठवडाभर काकू कुणाशी बोलल्या नाहीत. दूधवाला पाणी घालतो हेसुद्धा नाही! आणि काकूंनी दुधाबद्दल बोलू नये म्हणजे... मास्तर, मी म्हटलं, घेतलंत ना माप? प्रकाशाचं घेतलंत. अंधाराला कुठं माप असतं का हो?

आणखी दोनदा वीज गेली, दोनदा डबा घुमला. पण गंमत बघा, आता मास्तरच बिथरले. आधी बाबा यायचे म्हणून घाबरायचे, आता येत नाहीत म्हणून. काम करता करता मधेच मशीन थांबवून कान द्यायचे. मी काही बोललो तर "शूऽऽ!" सकाळी उठून खडूची डबी बघायचे. रिकामी. एक गिऱ्हाईक सदरा घेऊन परत आलं, "मास्तर, बाही ओढते." मास्तरांनी बाही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि माझ्याकडे बघून इतक्या हळू म्हणाले, "ही त्यांनी उसवली असती." मग पन्नाशीचा तो माणूस कापडाच्या ढिगावर बसला आणि सदऱ्यात तोंड घालून... जाऊ द्या. सदरा गिऱ्हाइकाचा होता एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डब्याची वायर काढली. त्याच्यावर चादर घातली. काकूंना म्हणाले, "आई, आता वीज गेली की अंधार. पुरा अंधार." काकूंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं, "मग चहा कमी साखरेचा करीन. ते चिडले असतील." सकाळी मास्तरांनी एक बाही लावली, मी बघितली, जाणूनबुजून वाकडी! उसवायला काही तरी हवं ना. आणि दोघं वाट बघत बसले.

वीज जाईना!

अहो, गल्ली खणून नवी केबल टाकली होती! मेली ती वीज, डोळ्याची पापणीसुद्धा लववेना! आठ दिवस, दहा दिवस, अखंड. मी म्हटलं, मास्तर, सोपं आहे, मेन स्विच खाली ओढा. ओढला. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. आम्ही तिघं श्वास धरून. अकरा मिनिटं... अर्धा तास... मला तर पंख्याचं पातं वाजलं तरी रोमांच येत होते. काही नाही. काकू अंधारातून म्हणाल्या, "त्यांना काय कळत नाही होय? काम अडलेलं नाही, तू अडवलेलं आहेस. पोरखेळाला ते कधी उठले होते?"

बघा आता. दिवे लावूनही येत नाहीत, विझवूनही येत नाहीत. सांगा मला, अंधाराला कुठं माप असतं का हो?

परवा दुपारी सहज डोकावलो. वाकडी बाही तशीच टेबलावर. काकू केस विंचरून बसलेल्या. आणि मास्तर फोनवर. पलीकडे वीज कार्यालयातली कुणी तरुण बाई, आवाज बाहेरपर्यंत ऐकू येतोय.

मास्तर म्हणतात, "तक्रार लिहून घ्या. आमच्याकडे वीज जात नाही."

"येत नाही म्हणताय का काका?"

"येते. जात नाही."

बाई बिचारी पढवल्याप्रमाणे विचारते, "किती दिवसांपासून ही समस्या आहे?"

"सव्वीस."

मागून काकू, "एकोणतीस. आणि विचार तिला, आज तरी जाईल का."

मास्तरांनी विचारलं. तिकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. काकू पदराला हात पुसत पुढं सरकल्या, मास्तरांनी डोळे मिटले, आणि मीही, खोटं कशाला बोलू, टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही काका, तशी काहीच शक्यता दिसत नाही. आपली जी गैरसोय होत आहे त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आयुष्यभर हे वाक्य ऐकत आलोय हो मी. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते बरोबर पत्त्यावर पोचलं.