मामाले काळा घोडा पाहाचा होता

मुंबईत पाहाले काय हाय, असं इचारता ना? मंग गणपतमामाचं ऐका.

मी तवा मुंबईत नवाच नोकरीले लागलो होतो. मामा लोणारहून आले. म्हटलं, "चला, समुद्र दाखवतो."

"पाहू. पयले काळा घोडा दाखव."

मामाची काळी घोडी आदल्याच साली मेली होती. मुंबईत काळ्या घोड्याचा मोठा पुतळा हाय, असं त्याइनं गावात ऐकलं होतं.

बसमधी कंडक्टर ओरडला, "काला घोडा!" मामा पटका सावरत उतरले. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. चित्राइचं प्रदर्शन, उभ्या मोटारी, केस वाढवलेली पोरं. घोडा काही दिसे ना!

पानवाल्याले इचारलं. तो म्हणे, "घोडा तो हटा दिया. गोरे राजा का पुतला था ना, रानीबाग में रखा है."

माहं डोकं सरकलं. इतक्या दुरून आलेल्या माणसाले काय दाखवू आता? मी पानवाल्यावरच ओरडलो, "घोडा नाई तं काळा घोडा काऊन म्हणता बे? लोकाइले फसवता?"

मामानं माहा हात धरला. "त्याले काऊन बोलतो?"

"मंग चला, रानीबागेत जाऊ. घोडा तिथं हाय."

घोडा होता त्या मोकळ्या जागेकडं मामा पाहतच राह्यले.

"राहू दे. हेच पाहू दे मले. आपल्या आंगणात आता गाय बांधतो, तरी तुही मामी रोज म्हणते, 'अहो, गाय घोडीच्या खुट्याले बांधा.'"